मापाचं रक्त

डॉक्टर अम्मारांनी ते वाक्य चहात बिस्कीट बुडवता बुडवता टाकलं. "बेनिटा, मला वाटतं आपल्या नॉर्मलमध्येच काहीतरी गडबड आहे." एवढं बोलून त्यांनी बिस्कीट मोडायच्या आत शिताफीने तोंडात घातलं आणि खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी मागे येताना खांबाला लागतेय का ते पाहत उभे राहिले. बेनिटा नळीला बूच लावत होती. ते नीट लागलं होतं, तरी तिने ते काढून पुन्हा लावलं. लॅबमधला मोठा फ्रीझर घुरघुरत होता, हुदा फोनवर अरबीत कोणाला तरी झापत होती, सगळं रोजच्यासारखंच होतं. फक्त आपल्या पायाखालची फरशी कोणीतरी हळूच बोटभर खाली नेलीय असं बेनिटाला वाटलं. "गडबड म्हणजे?" तिने विचारलं. "म्हणजे माप खोटं असणार. पुढच्या आठवड्यात रक्ताचा नवा पूल करू. तुम्हीच चौघं परत ताजं रक्त द्या. त्यातूनही काही निघालं नाही, तर खलास. गुंडाळू आपण हे सगळं." गाडी खांबाला लागली नाही. डॉक्टर कप घेऊन आपल्या खोलीत गेले.

बहारीनमध्ये, मनामातल्या या हॉस्पिटलात बेनिटा दहा-अकरा वर्षं रक्त तपासत आली होती. साखर, युरिया, कोलेस्टेरॉल. माणसं येत, बाही वर करत, जात. मग गेल्या वर्षी डॉक्टर अम्मार इंग्लंडहून शिकून परत आले आणि त्यांनी हे खूळ आणलं. खूळ हा शब्द हुदाचा. बेनिटाला ते पहिल्या दिवसापासून खूळ वाटलं नव्हतं, आणि ते का, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. काही माणसं साठीच्या आतच विसरायला लागतात. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग पोरांची नावं. आजार कोणता ते खात्रीने सांगायचं तर माणूस मेल्यावर त्याचा मेंदू उघडून पाहावा लागे. डॉक्टरांचं म्हणणं असं की मेंदूत जे बिघडतं त्याचा काहीतरी कचरा रक्तात उतरत असणार, आणि तोही माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. त्यांनी एका प्रथिनावर बोट ठेवलं होतं. प्लेटच्या खळग्यांत रक्तातला पिवळसर द्रव घालायचा, रसायनं घालायची, आणि जितका रंग गडद तितकं ते प्रथिन जास्त. किती जास्त, ते सांगायचं नॉर्मलच्या पटीत. दुप्पट, तिप्पट. आणि इतक्या महिन्यांच्या खटाटोपानंतर सगळे पेशंट येत होते एकास एक. आजारी माणूस आणि धडधाकट माणूस, दोघांचा रंग सारखाच.

आता धडधाकट माणूस कुठून आणायचा? जगातल्या सगळ्या लॅबमध्ये त्याचं उत्तर एकच असतं: स्टाफ. जो हाताशी तो नॉर्मल. चौघांचं रक्त एकत्र करायचं, त्यालाच पूल म्हणायचं, थेंबाथेंबाच्या नळ्या भरून गोठवायच्या, आणि दर प्लेटला त्यातली एक नळी मापाला लावायची. चौघं ठरले होते बेनिटा, महमूद, हुदा आणि मुंबईचा वॉरन. पण पूल करायचा मुहूर्त निघाला नेमका रमजानात. हुदाने आधीच सांगून टाकलं, रोज्याचं रक्त काढलं की मला चक्कर येते. महमूद म्हसळ्याचा, हॉस्पिटलात रक्त काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "बाय, माझा रोजा हाय. मौलवी बोलतात चालतंय, पन माझा मन घेत नाय." तेव्हा बेनिटाच म्हणाली होती, "मग माझं घ्या ना. तुमच्या दोघांच्या वाटचं मी देते. रक्त ते रक्त." आणि महमूदनेच दोन-दोन दिवस सोडून तिचं रक्त काढलं होतं. ती त्याला चिडवायची, "महमूदभाई, दुसऱ्याचं रक्त काढल्यावर तुमचा रोजा टिकतो ना?" तो हसायचा, आणि संध्याकाळी त्याच्या बायकोने, इशरतने, पाठवलेला सांदणांचा डबा वॉरनच्या हातून तिच्या घरी यायचा. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. सणासुदीला एकमेकांची ड्युटी उचलावी तसं ते झालं होतं. चार वाट्यांतले तीन वाटे तिचे होते.

दुकानदाराचं वजनच जड निघालं तर गिऱ्हाईकाची जड पुडीही बरोबरच भरणार. पेशंटांचा रंग गडद होता आणि मापाचाही गडद होता, म्हणून फरक दिसत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बेनिटाला हसू आलं. कदाचित तसं नसेलही. कदाचित ते प्रथिनच बिनकामाचं असेल, डॉक्टरांचा तर्क चुकला असेल, फ्रीझर मध्येच बंद पडून सगळं नासलं असेल. एवढ्या कदाचितांमध्ये तिने आपलं नाव का घ्यावं? पण मन एकदा तिथे गेलं की ते दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसं परत परत तिथेच जात होतं.

दुपारी तिचा नवरा फ्रान्सिस तिला घ्यायला आला. तो अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फोरमन होता. पहाटेची पाळी आटोपून, अंगाला साबणाचा वास घेऊन तो यायचा आणि रिफाला घरी पोहोचेपर्यंत कारखान्यातल्या गमती सांगायचा. आजची गंमत अशी होती की कोणीतरी पेपरात वाचलं होतं, ॲल्युमिनियमच्या टोपात शिजवलेलं खाल्लं की माणूस विसराळू होतो, आणि पाळीवरच्या एका मल्याळ्याने घरचे सगळे टोप टाकून दिले. "म्हटलं त्याला, बाबा, आपन तर त्या धुरातच उभे राहतो, टोप कशाला टाकतो? आधी नोकरी टाक!" फ्रान्सिस स्टिअरिंगवर हात आपटून हसला. मग म्हणाला, "काय गो, गप का? तुझ्या आयचं मनात आलं का? तुझ्या भावाने तिचे टोप बदलले का नाय?" बेनिटा म्हणाली, "तिची आय तर मातीच्या मडक्यात शिजवायची. तिला कुठला टोप होता?" फ्रान्सिसने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एसी वाढवला. माणूस मनाने फार चांगला, पण अडचणीच्या वेळी त्याचा हात आधी कुठल्या तरी बटणाकडे जायचा.

गेल्या नाताळात ती वसईला गेली होती. घर बदललं नव्हतं, वाडीतल्या केळी तशाच होत्या, आणि आईसुद्धा पहिले दोन दिवस तशीच वाटली. जरा बारीक झालेली, जरा गप्प. भाऊ फोनवर सांगायचा ते बेनिटाने भावजयीच्या खात्यावर टाकलं होतं. सासू-सुनेत काही तरी असणार. मग नाताळची मिस्सा. आई नवी साडी नेसून, तिचा हात धरून कम्युनियनच्या रांगेत गेली, जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतला, क्रूस केला, जागेवर येऊन गुडघे टेकले. सगळं कसं शिस्तीत. आणि मिनिटभराने उठली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. बेनिटाला आधी वाटलं, कोणाला तरी भेटायला गेली. फादरांनी तिच्याकडे पाहिलं, थांबले, आणि तिचा भाविक चेहरा आणि वाट पाहणारी जीभ पाहून परत प्रसाद ठेवला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसणाऱ्याचा गळा दाबावासा वाटला बेनिटाला, भर चर्चमध्ये, नाताळच्या दिवशी. आई परत आली, गुडघे टेकले, आणि थोड्या वेळाने बेनिटाच्या कानाशी येऊन म्हणाली, "चल ना बेनू, रांग संपत आली. आपुन राहिलो." तेव्हा तिने आईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. आई हात सोडवायचा प्रयत्न करत होती, देवाकडे जायला उशीर होतोय म्हणून रडवेली झाली होती. आईची आईही अशीच गेली. पन्नाशी उलटली आणि तिला घर सापडेनासं झालं. तिला नजर लागली असं सगळे म्हणत. आता नजर म्हणायची सोय राहिली नव्हती. आई, आईची आई. रांगेत पुढचं कोण, हे सांगायला लॅब कशाला हवी?

त्या नाताळापासून बेनिटाला एक चाळा लागला होता. वसईच्या बाटली मसाल्यात काय काय पडतं ते ती मनात म्हणायची. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळद, दगडफूल, नागकेशर. लिफ्टमध्ये, सिग्नलला, कपडे वाळत घालताना. सगळं आठवलं की दिवस बरा जायचा. एखादं अडलं की उगाच लेकीवर, सॅन्ड्रावर, ओरडणं व्हायचं. आज घरी आल्यावर तिने म्हणून पाहिलं आणि नागकेशराच्या आधीच गाडी अडली. सॅन्ड्रा टेबलाशी अभ्यास करत होती. चौदा वर्षांची, लांब बोटांची, मान थोडी तिरकी ठेवून लिहिण्याची सवय थेट आजीची. "काय बघते मम्मी? व्हॉट?" "काही नाही. जेवलीस का?" "यू जस्ट आस्क्ड मी दॅट." सॅन्ड्राने वर न बघता सांगितलं. बेनिटा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. मुलीला दोनदा कोणती आई विचारत नाही? सगळ्या विचारतात. पण बाकीच्यांना ते मोजावं लागत नाही.

नवा पूल करायच्या आदल्या दिवशी मआमीर गावची अदीबा तिच्या आईला, अभ्यासातल्या एका पेशंटला, घेऊन आली. अदीबा पस्तिशीची असेल, शाळेत शिकवायची, शेजारच्या हिंदी लोकांमुळे हिंदी छान बोलायची. तिची आई नेहमीसारखी खुर्चीत बसली, महमूदने बाही वर केली तसं तिने त्याला आपला मेलेला भाऊ समजून विचारलं, समुद्रावरून कधी आलास? महमूद शांतपणे अरबीत म्हणाला, आत्ताच, मासळी चांगली मिळाली. म्हातारी खुश झाली. अदीबा बेनिटाला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सिस्टर, डॉक्टर बोले ये काम बंद होगा. सच?" "अभी पक्का नहीं." "बंद मत करो. मेरा भी खून लो. मेरे को जानना है." बेनिटाने ठरलेलं उत्तर दिलं, इंशाल्ला सब अच्छा होगा, अभी से क्यों सोचना? तेव्हा अदीबा जरा रागानेच म्हणाली, "आप लोग सब यही बोलते हो. मेरी दो छोटी लड़कियाँ हैं. मैं नहीं सोचूँगी तो कौन सोचेगा?" मग तिने आईचा बुरखा सारखा केला, तिच्या सपाता पायात सरकवल्या आणि दोघी गेल्या. बेनिटा ती रिकामी खुर्ची बराच वेळ पुसत राहिली. तिला त्या बाईचा हेवा वाटला, आणि भीतीही वाटली. इतक्या सरळ तोंडाने कोणी असं मागू शकतं हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण नवा पूल करताना गप्प आपला हात पुढे केला तर माप परत जड होईल. डॉक्टर सगळं गुंडाळतील, आपल्याला काही कळणार नाही, कोणालाच काही कळणार नाही. अदीबालासुद्धा. आपल्या शांत झोपेसाठी त्या बाईला आंधळं ठेवायचं. आणि आपल्याला तरी कुठे झोप लागत होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉरनने डोळे मिटून रक्त दिलं, हुदाने दिलं. महमूद पट्टा घेऊन तिच्याकडे वळला. "ये बाय." बेनिटा म्हणाली, "ह्या वेळेला माझं नको, महमूदभाई. मला जरा अशक्तपणा आहे." हे सांगताना तिच्या गालांवर भरपूर रक्त चढलं होतं. महमूदने तिच्याकडे पाहिलं. त्याने आयुष्यभर माणसांचे हात पाहिले होते, चेहरे फारसे नाहीत, पण आज पाहिला. "बरा," तो म्हणाला. "रमजानात तू माझ्या वाटचा दिलास. आता तुझ्या वाटचा मी देतंय. फिटंफाट." आणि त्याने आपला डावा हात स्वतःच बांधला, हुदाला सुई दिली, आणि चारऐवजी आठ नळ्या होईपर्यंत गमतीजमती सांगत बसला. बेनिटा पाठ फिरवून लेबलं लावत होती. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, कारण इतक्या चांगल्या मनाने कोणी तरी तिच्याविरुद्ध पुरावा भरून देत होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

प्लेट लावायचं काम तिचंच. ते तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. जुन्या पेशंटांचे नमुने तेच, रसायनं तीच, फक्त माप नवं. शेवटचं रसायन घातलं की रंग चढायला पाच-दहा मिनिटं लागतात. एरवी ती तेवढ्यात हात धुऊन यायची. आज ती समोर बसून राहिली. पेशंटांचे खळगे पिवळे व्हायला लागले, आधी फिके, मग हळदीच्या पाण्यासारखे, मग त्याहून गडद. नव्या नॉर्मलचे खळगे जेमतेम रंगले. पाण्यात कोणी तरी पिवळं बोट बुडवून काढावं तेवढेच. मशीनवर आकडे काढायची गरजही नव्हती, बारक्या पोरानेही वेगळं ओळखलं असतं. सगळ्यात शेवटच्या दोन खळग्यांत तिने जुन्या पुलातलं घातलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच. ते खळगे पेशंटांच्या रांगेत मिसळून गेले होते. किती सुंदर रंग आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते मनात आल्याची तिला लाज वाटली नाही. इतकी वर्षं रंग पाहून पोट भरलेली बाई दुसरं काय म्हणणार?

डॉक्टर अम्मार लॅबमधून जवळजवळ पळत गेले आणि अर्ध्या तासाने हलव्याचा मोठा डबा घेऊन आले. केशराचा, तुपात थबथबलेला बहारीनी हलवा. "एका प्लेटवरून काही सिद्ध होत नाही," ते सगळ्यांना बजावत होते आणि स्वतः मात्र थांबत नव्हते. "अजून दहा प्लेटा कराव्या लागतील. पण दिसलं! दिसलं ना?" वॉरनने त्यांच्या पाठीवर थाप मारण्याचं धाडस केलं. हुदाने फोनवर कोणाला तरी बातमी दिली. बेनिटाने हलवा खाल्ला. गोड लागला, चांगला लागला, तिने अजून एक चमचा घेतला. एका प्लेटवरून काही सिद्ध होत नाही, हे वाक्य बाकीचे ऐकून सोडून देत होते आणि ती एकटी ते गच्च धरून बसली होती. "तो जुना पूल टाकून द्या," डॉक्टर म्हणाले. "काही तरी सडलं असणार त्यात." आणि ते आपल्या खोलीत वळले. महमूदच्या हातात हलव्याची बशी होती. तो खात नव्हता. जुन्या पुलातलं सगळं रक्त त्याच्याच हाताने निघालं होतं, आणि त्याचा हिशेब आत्ताच पुरा झालेला दिसत होता. "बाय," तो हळूच म्हणाला, "सडलाय असंच राहू दे ना. कोनाला कळणार हाय?"

खरंच कोणाला कळणार होतं? पिवळ्या पिशवीत ट्रे रिकामा करायचा, गाठ मारायची. तिने ट्रे उचललाही. त्या बारक्या गोठलेल्या नळ्यांवर हाताची ऊब लागून धुकं आलं. मग ती ट्रे तसाच हातात घेऊन डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि महमूद तिच्या मागे.

"डॉक्टर, हा सडलेला नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हा मी आहे." आणि रमजानाचं सगळं सांगितलं, आईचं सांगितलं, आईच्या आईचंही. ती चर्चबद्दल बोलणार नव्हती, पण तेही बोलून गेली. डॉक्टर आधी उठून उभे राहिले, मग बसले. त्यांचा आनंद चेहऱ्यावरून उतरला, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, एक प्लेट, बेनिटा, एकच प्लेट, आणि प्रथिन जास्त असलं म्हणजे आजार होईलच असं जगात कोणीही म्हणू शकत नाही, मी तर नाहीच. ते खरं बोलत होते. पण बोलता बोलता त्यांची नजर ट्रेकडे जात होती. अजून काही न विसरलेली बाई, आणि रंग इतका गडद. ज्या गोष्टीच्या शोधात ते इंग्लंडहून इथवर आले होते, ती त्यांच्या दारात उभी होती. त्यांच्या डोळ्यांत आलेली ती चमक त्यांना आवरता आली नाही, आणि बेनिटाने ती पाहिली. तिला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी ती असती तर तिचेही डोळे असेच चमकले असते.

"मला अभ्यासात घ्या," ती म्हणाली. "नॉर्मल म्हणून नको. दर वर्षी घ्या रक्त. मी ठीक असेन तोवर, आणि नसेन तेव्हाही. आणि त्या अदीबालाही बोलवा. तिला हवंय."

डॉक्टरांनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. मग त्यांनी महमूदला मान हलवून खूण केली. महमूदने तिथेच, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत, तिला बसवलं. पट्टा बांधला, शीर चाचपली, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची सुई चुकली. "माफ कर बाय." "होतं कधी कधी. यल्ला, चला, परत करा." दुसऱ्यांदा लागली. रक्त नळीत चढू लागलं. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि आवाज साधा ठेवायचा प्रयत्न करत विचारलं, "घरात अजून कोण? मुलं?"

"एक मुलगी." मग ती घाईने म्हणाली, "तिचं काही लिहू नका. तिचं नावही नको. ती अठरा-वीस वर्षांची झाली की मी तिला विचारेन. तिला कळून घ्यायचंय का, हे ती ठरवेल. अदीबासारखं तिनेच मागितलं पाहिजे."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. नळी भरली. बेनिटाने ती महमूदच्या हातून घेऊन सवयीने सावकाश उलटीसुलटी केली, आणि तसं करता करता तिच्या लक्षात आलं की आपण आत्ता काय बोललो. अजून चार-पाच वर्षं. ती महमूदकडे वळली. डॉक्टरांना कळू नये म्हणून मराठीत बोलली.

"महमूदभाई, सॅन्ड्राला विचारायचंय. मी विसरले तर तुम्ही विचारा."

महमूद तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून धरून उभा होता.

"विचारीन, बाय," तो म्हणाला. "तू हात दुमडून धर."